सड्यावरचं चार महिन्यांचं पाणी

मे महिन्याच्या दुपारी कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या कुठल्याही सड्यावर उभे राहा. पायाखाली काळपट तांबडा कातळ तव्यासारखा तापलेला असतो. झाड नाही, सावली नाही. फटींमधलं गवत वाळून पिवळं पडलेलं. सातबाऱ्यावर अशा जमिनीची नोंद बहुतेक वेळा ‘पोटखराब’ अशी असते. पोटखराब म्हणजे लागवडीला नालायक. गावातली माणसंही सांगतात, “तिथं काय बघायचं? नुसता कातळ आहे.”

मृग लागून दोन-चार दमदार सरी पडल्या की तोच सडा ओळखू येत नाही. कातळावरचे सगळे खोलगट भाग पाण्याने भरतात. कुठे परातीएवढं डबकं, कुठे खोलीएवढं. पाणी बोटभर, फार तर घोटाभर. आणि अंधार पडू लागला की त्या नालायक जमिनीतून असा आवाज उठतो, की शेजारच्या माणसाशीही मोठ्याने बोलावं लागतं.

थंड देशांत बर्फ वितळल्यावर वसंतात भरणाऱ्या आणि उन्हाळ्यात आटून जाणाऱ्या डबक्यांना ‘व्हर्नल पूल’ म्हणतात, म्हणजे वसंतातली डबकी. तिथले बेडूक आणि सॅलॅमँडर वर्षभर या पाण्याची वाट बघतात. आपल्याकडे बर्फ नाही. आपल्या बेडकांचा वसंत मृगात येतो आणि तो बघायला सड्यासारखी दुसरी जागा नाही.

कातळ पाणी कसं धरतो

सड्याचा दगड म्हणजे जांभा. कोकणातली जुनी घरं, गडगे, विहिरी ज्या चिऱ्यांनी बांधल्या तोच हा दगड. लाखो वर्षांच्या पावसाने मूळ खडकातले विरघळणारे घटक धुऊन नेले आणि मागे लोह नि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं राहिली. त्या लोहामुळे जांभ्याला गंजाचा रंग आला. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश प्रवाशाने केरळात लोकांना हा दगड विटांसारखा कापताना बघितलं आणि विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून १८०७ मध्ये त्याला ‘लॅटराइट’ असं नाव दिलं. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. उघड्या सड्यावर त्याचं वरचं कवच इतकं घट्ट होतं, की जागोजागी पाणी खाली मुरत नाही, खळग्यांत साठून राहतं.

सातारा जिल्ह्यातलं कास पठार हे याच जातीचं. साधारण १,२०० मीटर उंचीवरचं हे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांसोबत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. तिथे लोक सप्टेंबरमध्ये फुलं बघायला जातात. बेडूक बघायचे तर त्याआधी, जून-जुलैमध्ये बाहेर पडायला हवं आणि त्यासाठी उत्तम गाव म्हणजे आंबोली.

आंबोली सिंधुदुर्ग जिल्ह्यात, सावंतवाडी तालुक्यात, सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. समुद्राकडून येणारे ढग इथे घाटाच्या भिंतीला अडतात आणि वर्षाला सरासरी ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस ओततात. हिरण्यकेशी नदी इथेच उगम पावते. अरबी समुद्र इतका जवळ असून ती त्याच्याकडे पाठ फिरवते, पूर्वेला जाऊन घटप्रभेला मिळते आणि पुढे कृष्णेमार्गे बंगालच्या उपसागरात पोचते. गावाच्या आसपास आणि चौकुळच्या बाजूला पसरलेले सडे आहेत, मधे दाट जंगल आहे. एका संध्याकाळच्या फेरीत दोन्ही बघता येतं.

“मग मासे कुठे आहेत?”

आम्ही जूनच्या तिसऱ्या आठवड्यात गेलो होतो. सोबत गावातलाच एक तरुण वाटाड्या होता. त्याची एकच सूचना होती, “पाय बघून टाका.” विजेरीच्या उजेडात पहिल्यांदा काहीच दिसेना. मग त्याने प्रकाश एका डबक्याच्या कडेवर धरला आणि डोळे चमकले. एक, दोन, सात, अकरा. नखाएवढ्या बेडकांपासून मुठीएवढ्यापर्यंत. पाण्यात बारीक काळे ठिपके वळवळत होते. ते ताजे टॅडपोल, म्हणजे बेडकांची शेपटीवाली पिल्लं.

आमच्यातल्या नऊ वर्षांच्या मुलीने बराच वेळ पाण्याकडे बघून विचारलं, “दादा, मग यात मासे कुठे आहेत?”

प्रश्न अचूक होता. मासे नाहीत, आणि नाहीत म्हणूनच बेडूक तिथे आहेत. ऑक्टोबर सरताना हे पाणी आटतं. दर वर्षी कोरड्या पडणाऱ्या डबक्यात मासा टिकत नाही. माशांनी भरलेल्या तळ्यात बेडकाने शेकडो अंडी घातली तरी बहुतेक पिल्लं माशांच्या पोटात जातात. सड्यावरच्या डबक्यात तो धोका नाही. शिवाय उथळ पाणी उन्हाची तिरीप पडताच कोमट होतं, कातळावर शेवाळ धरतं, पिल्लांना खायला मिळतं आणि वाढ झपाट्याने होते.

यात धोकाही आहे. पिल्लाला पाय फुटायच्या आत पाणी आटलं तर सगळी वीण तिथेच वाळून जाते. म्हणून अशा डबक्यात जन्मलेल्या पिल्लाचं आयुष्य म्हणजे शर्यत असते. बेडकांच्या कित्येक जातींमध्ये असं दिसून आलंय, की पाणी कमी होऊ लागलं की पिल्लं वाढीचा वेग बदलतात. पोट भरून मोठं व्हायची वाट न बघता लहान चणीतच पाय फुटतात, शेपटी आत जिरते, कल्ल्यांची जागा फुप्फुसं घेतात आणि बेडूक बाहेर उडी मारतो. अंगाने लहान राहिला तरी जीव वाचतो.

आपल्याला वाटतं, की बारमाही पाणी ते चांगलं पाणी. आपल्यासाठी ते खरंच आहे. सड्यावरच्या बेडकांसाठी मात्र पाणी येणं जितकं गरजेचं, तितकंच ते जाणंही गरजेचं. उद्या कुणी दयाबुद्धीने ही डबकी खोदून बारमाही तळी केली आणि त्यात मासे सोडले, तर दोन-चार वर्षांत तिथला आवाज बंद पडेल.

वाघाच्या पट्ट्यांचा भेक

आंबोलीच्या सड्याचा मानकरी म्हणजे आंबोली टोड. टोड म्हणजे आपला भेक. बेडकापेक्षा कातडी कोरडी, खरखरीत, चाल संथ. हा भेक अगदी छोटा, अंगठ्याएवढा. रंगाने जांभ्यासारखा तपकिरी, त्यामुळे स्थिर बसला तर समोर असून दिसत नाही. पण कुशीला पिवळे डाग असतात आणि त्यावर गडद पट्टे. त्या पट्ट्यांमुळेच त्याच्या शास्त्रीय नावात वाघ आला: झॅन्थोफ्रायनी टायगेरिना.

एस. डी. बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये या जातीची पहिल्यांदा शास्त्रीय नोंद केली. त्याचा एकच जवळचा भाऊबंद आहे, तो कोयना भागातला. त्याची नोंद १९६३ मध्येच झाली होती. दोघांचा मिळून एक वेगळा वंश निघाला आणि ग्रीक भाषेतल्या ‘पिवळा’ आणि ‘भेक’ या शब्दांवरून त्या वंशाला नाव मिळालं. साऱ्या जगात या वंशात एवढ्या दोनच जाती आहेत आणि दोन्ही आपल्या सह्याद्रीतल्या.

आंबोली टोड वर्षातले बरेच महिने कातळाच्या फटींत आणि सुट्या दगडांखाली दडून काढतो. पहिल्या पावसाबरोबर नर बाहेर येतात, उथळ पाण्याच्या कडेला बसून हाका मारतात, माद्या येतात आणि बोटभर पाण्यात अंडी पडतात. ज्या पाण्यात आपण बूट बुडवायलाही कचरणार नाही, इतकं ते थोडं असतं. या भेकाचं ज्ञात जग म्हणजे आंबोली आणि तिच्या लगतचा परिसर, एवढंच. म्हणून आययूसीएन या जागतिक संस्थेने त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ गटात टाकलंय. नामशेष होण्याच्या अलीकडची ही शेवटची पायरी.

प्रत्येकाची तऱ्हा निराळी

सड्यावरून खाली जंगलाच्या कडेला आलो की आवाज बदलतो. झुडपातून कुणीतरी दोन खडे एकमेकांवर आपटावेत तसं ‘टिक टिक टिक’ ऐकू येतं. तो झुडपी बेडूक. बोटाच्या पेराएवढा जीव, पण आवाज पाहा. या झुडपी बेडकांना डबक्याची गरजच नाही. ते ओल्या पानांवर किंवा पालापाचोळ्यात अंडी घालतात. पिल्लाची शेपटीवाली अवस्था अंड्यातच उरकते आणि बाहेर येतो तो थेट इवलासा बेडूक. यांच्यातल्या एका जातीच्या शास्त्रीय नावातच ‘आंबोली’ आहे.

मलबारी उडता बेडूक मात्र पाण्याच्या वर घर बांधतो. पोपटी हिरवं अंग, बोटांमध्ये नारिंगी-लाल पडदे. फांदीवरून खाली झेप घेताना हे पडदे पसरले की तो हवेत तरंगत उतरतो. नर-मादी मिळून अंड्यांभोवतीचा चिकट द्रव मागच्या पायांनी घुसळतात आणि पानाला चिकटवलेला फेसाचा गोळा तयार होतो. ताकावरचा फेस आठवा, तसाच. वरचा थर सुकतो, आत अंडी ओली राहतात. काही दिवसांनी पिल्लं फेसातून सुटतात आणि टपटप खालच्या पाण्यात पडतात. जागा चुकली की संपलं. म्हणून फांदी नेमकी डबक्यावर ओणवलेली लागते. गावात पाण्याच्या उघड्या टाक्यांवरही हे फेसाचे गोळे लटकलेले दिसतात. कुणी घाण समजून ते काढून टाकू नयेत, एवढ्यासाठी तरी ते काय आहेत हे घरातल्या मुलांना सांगायला हवं.

तिसरी तऱ्हा ओल्या कातळाची. पाण्याने निथळणाऱ्या उभ्या खडकावर बारीक पिल्लं पाली सरकाव्यात तशी सरकताना दिसली तर दचकू नका. इंडिराना या गटातल्या बेडकांची पिल्लं डबक्यात राहतच नाहीत. खडकावरून वाहणारा पाण्याचा पातळ पापुद्रा त्यांना पुरतो. याच गटातल्या, २०१४ मध्ये आंबोलीतून नोंदवलेल्या एका जातीचं नाव ‘चिरावासी’ ठेवलंय. खडकाच्या चिरेत राहणारा तो चिरावासी. शास्त्रीय नाव इतकं घरचं वाटावं असं क्वचित घडतं.

आणि एक उभयचर असा, की तो बेडूक आहे यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, कारण तो बेडूक नाहीच. देवगांडूळ. लांब, बिनपायाचा, गांडुळासारख्या वळ्या असलेला. पण त्याला पाठीचा कणा आहे, जबडा आहे, दात आहेत. तो मातीत राहतो आणि मुसळधार पावसात कधीमधी वर येतो. लोक त्याला साप समजून मारतात. तो विषारी नाही, त्याला कुणाशी वैर नाही. आंबोलीच्या देवगांडुळाला शास्त्रज्ञांनी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे जे. सी. डॅनियल यांचं नाव दिलंय.

डबक्यात भिंग धरलं तर आणखी एक भाडेकरू दिसतो. नखाएवढा, पारदर्शक, उताणा पोहणारा. इंग्रजीत त्याला फेअरी श्रिम्प म्हणतात, म्हणजे परी-कोळंबी. त्याची अंडी आटलेल्या डबक्याच्या धुळीत उन्हाळाभर पडून राहतात, कातळ चटके देईल इतका तापला तरी मरत नाहीत आणि पाणी लागलं की उघडतात. वनस्पतींमध्ये असाच एक जीव आहे वायतुरा. साताऱ्याच्या पठारांवरच्या या पाणवनस्पतीचा कंद कोरड्या दिवसांत खाली झोपून असतो आणि पावसाळ्यात पाण्यावर तुरा काढतो. मे महिन्यात ज्या कातळाला आपण ओसाड म्हणतो, तो रिकामा नसतो. त्यातले रहिवासी आत दार लावून बसलेले असतात.

‘पोटखराब’ शब्दाची किंमत

मग या जागांना धोका कसला? धोका त्या एका शब्दात आहे. महसुली नोंदीत पोटखराब आणि केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात ‘उघडी खडकाळ जमीन’ असा स्वतंत्र रकाना. जी जमीन कागदावर निरुपयोगी, तिचा काहीतरी उपयोग करायला हवा, असं कुणालाही वाटणारच.

म्हणून कातळात सुरुंग लावून खड्डे घेतले जातात, त्यात बाहेरून माती आणून हापूसची कलमं लावली जातात. कुठे चिऱ्यांची खाण निघते आणि सडा पायरी पायरीने कापला जातो. कुठे प्लॉट पडतात, रस्ते येतात. यात शेतकऱ्याला खलनायक करण्यात अर्थ नाही. ज्याच्या वाट्याला वडिलार्जित म्हणून दहा एकर कातळच आला, त्याने पोट कशावर भरायचं? पण सुरुंग लागला की भोवतालच्या कातळाला तडे जातात, डबक्याचं पाणी मुरून जातं आणि परत कधीच साठत नाही. जंगल तोडलं तर निदान दिसतं. पाणी न धरणारा खळगा कुणाला दिसणार?

दुसरा धोका आपला, म्हणजे पर्यटकांचा. पावसाळी शनिवार-रविवारी आंबोलीच्या धबधब्याकडे गाड्यांची रांग लागते. पावसाच्या रात्री भेक आणि बेडूक रस्ता ओलांडतात, कारण त्यांच्या लेखी तिथे रस्ता नाहीच, एका ओल्या जागेतून दुसऱ्या ओल्या जागेत जायची वाट आहे. सकाळी डांबरावर काय उरतं ते सांगायला नको.

तिसरा धोका ताटातला. कोकणात आणि गोव्यात पहिल्या पावसात मोठे बेडूक पकडून खायची सवय जुनी आहे. भातशेतीत दिसणारा तो मोठा बेडूक विणीच्या दिवसांत पिवळाधमक होतो, गळ्याला दोन निळे फुगे येतात. मादीला दिसावं म्हणून केलेला हा थाट कंदील घेऊन आलेल्या माणसालाही लांबूनच दिसतो. एकेकाळी भारत बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठवणाऱ्या मोठ्या देशांपैकी एक होता. शेतातले किडे खाणारा प्राणीच आपण विकत होतो. १९८७ मध्ये ही निर्यात बंद झाली.

जगातल्या उभयचरांपैकी जवळजवळ ४१ टक्के जाती धोक्यात आहेत, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत दिसलं. पक्षी आणि सस्तन प्राण्यांपेक्षाही हे प्रमाण जास्त आहे. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, कातडीतूनच पाणी पितो. हवा, पाणी, औषधफवारणी यातलं काहीही बिघडलं तरी त्याला ते आधी लागतं.

नाव उरलं, तळं गेलं

हंगामी पाण्याला बिनकामाचं समजण्याची सवय फक्त खेड्यातली नाही. शहरात काय होतं ते बघायचं तर चेन्नईच्या वेस्ट मांबलमला जा. या वस्तीत ‘लेक व्ह्यू रोड’ नावाचा रस्ता आहे. म्हणजे तळं दिसणारा रस्ता. तिथे उभं राहून कितीही मान उंचावली तरी तळं दिसत नाही. पूर्वी इथे ‘लाँग टँक’ नावाचा लांबच लांब तलाव होता, पावसावर भरणारा. १९२० च्या दशकात तो आटवला आणि त्याच्या तळावर त्यागराय नगर, म्हणजे आजचं गजबजलेलं टी. नगर वसलं. रेल्वेच्या पश्चिमेला राहिलेल्या वेस्ट मांबलमकडे फक्त रस्त्याचं नाव उरलं.

चेन्नईचा पाऊस आपल्यासारखा जूनमध्ये येत नाही. तिथे मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबरमधला. म्हणून तिथल्या बेडकांचा हंगाम आपल्या दिवाळीच्या सुमाराला असतो. २०१५ आणि २०२१ मध्ये जोरदार पाऊस झाला तेव्हा या भागातले रस्ते पाण्याखाली गेले. पाण्याला आपली जुनी जागा सांगावी लागत नाही. माणसांचं हे नुकसान सगळ्यांना दिसलं. पण त्या तलावाच्या काठावर कोणकोणते बेडूक ओरडत होते, हे आता कुणाला विचारणार?

चेन्नईत किंवा पुण्या-मुंबईत राहणाऱ्या वाचकांनी म्हणून एक गोष्ट जरूर करावी. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री बाल्कनीत पाच मिनिटं गप्प उभं राहावं. जवळ एखादा मोकळा प्लॉट, देवळाचं तळं किंवा शाळेचं मैदान असेल तर तिथून हाक येईल. अंगणातला साधा भेक शहरातही तग धरून आहे.

भेकांसाठी बोगदे

हे वाचवता येतं का? अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याचं उदाहरण घेण्यासारखं आहे. तिथे अशा हंगामी डबक्यांची सरकारदरबारी नोंद होते. एखाद्या डबक्यात ठराविक जातींची वीण होते, असा पुरावा कुणीही नागरिक छायाचित्रांसह देऊ शकतो. शाळेतली मुलंसुद्धा डबकी शोधायला बाहेर पडतात. नोंद झाली की त्या डबक्याला कायद्याचं संरक्षण मिळण्याची वाट खुली होते. वसंतातल्या पहिल्या उबदार पावसाच्या रात्री सॅलॅमँडर मोठ्या संख्येने रस्ता ओलांडून डबक्याकडे निघतात. त्या रात्री लोक विजेऱ्या घेऊन रस्त्यावर उभे राहतात आणि गाड्या थांबवतात. त्याच राज्यातल्या अ‍ॅमहर्स्ट गावात १९८७ मध्ये एका रस्त्याखाली त्यांच्यासाठी छोटे बोगदेच बांधले. आपण बेडकांची निर्यात थांबवली तेच वर्ष.

आपल्याकडेही सुरुवात झालेली आहे. आंबोलीतल्या हिरण्यकेशीच्या मंदिराजवळच्या कुंडात एक छोटा मासा सापडला, २०२० मध्ये त्याला ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हे नाव मिळालं आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. बारमाही कुंडातल्या माशाला मिळालेला हा मान सड्यावरच्या चार महिन्यांच्या पाण्यालाही मिळू शकतो. त्यासाठी आधी ते पाणी मोजलं गेलं पाहिजे, नकाशावर आलं पाहिजे. ग्रामपंचायतीची जैवविविधता नोंदवही याच कामासाठी असते. गावातली शाळा, एक पावसाळा आणि वीस-पंचवीस उत्साही मुलं, एवढ्या भांडवलावर हे काम सुरू होऊ शकतं.

जाणार असाल तर

सावंतवाडीहून आंबोली सुमारे ३० किलोमीटर, बेळगावहून ७० च्या आसपास. एसटी जाते. रेल्वेने यायचं तर सावंतवाडी रोड स्थानक जवळचं. जूनचा दुसरा आठवडा ते जुलैअखेर हा बेडकांचा काळ. शनिवार-रविवार टाळला तर उत्तम.

रात्रीची फेरी स्थानिक वाटाड्याशिवाय करू नका. त्याला वाट माहीत असते, कड्याची धार कुठे आहे ते माहीत असतं आणि झुडपात बसलेला हिरवा चापडा त्याला तुमच्या आधी दिसतो. त्याला मिळणारे पैसे हेही सड्याच्या बाजूने पडलेलं एक मत असतं. बेडूक बघायला माणसं येतात हे गावाला दिसलं, की ‘नुसता कातळ’ म्हणण्याआधी कुणीतरी थांबतं.

पायात घोट्यापर्यंतचे पकडीचे बूट असू द्या. ओलं शेवाळ साबणापेक्षा निसरडं असतं. आधीच्या एखाद्या डबक्याचा चिखल बुटाला असेल तर घरूनच धुऊन या. बेडकांना मारणारी बुरशी अशा चिखलातून एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाऊ शकते. डास पळवणारं मलम हाताला लावलं असेल तर पाण्यात हात घालू नका आणि कुठल्याही बेडकाला हातात घेऊ नका. तुमच्या हातावरचं औषध त्याच्या कातडीतून थेट आत जातं. डबक्यातून चालत जाऊ नका, वळसा घाला. सुटा दगड उलटू नका, ते कुणाचं तरी छप्पर आहे. फोटो काढताना झगझगीत प्रकाश सारखा डोळ्यांवर मारू नका. फोटो काढण्याआधी दोन मिनिटं सगळ्यांनी विजेऱ्या बंद करून नुसतं ऐका. मुलांना हा भाग सगळ्यात जास्त लक्षात राहतो.

रात्री गाडी चालवावीच लागली तर घाटात वेग कमी ठेवा. ओल्या रस्त्यावरचा प्रत्येक दगड दगडच असेल असं नाही.

आणि शक्य असेल तर त्याच सड्यावर एकदा नोव्हेंबरमध्येही जा. जूनमध्ये ज्या खळग्याशी बसून मुलांनी पिल्लं मोजली, तोच खळगा शोधा. तळाशी वाळलेलं शेवाळ असेल, थोडी धूळ असेल. मुलं म्हणतील, “इथे तर काहीच नाही.” तेव्हा त्यांना त्या धुळीतल्या अंड्यांविषयी आणि शेजारच्या फटीत बसलेल्या अंगठ्याएवढ्या भेकाविषयी सांगा. मग धुळीवर पाय न देता पुढे जा.